चित्रातलं रिकामं दार

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही. आता आत ठेववत नाही, एवढंच.

वऱ्हाडातल्या तळेगावकडच्या एका खेड्यात मी तिसरीची बाई होते. नव्वदनंतरची वर्षं. मुलांसाठी चित्रपुस्तकं आम्ही शिक्षकच करायचो — जाड कागद, वर चित्र, खाली दोन ओळी — आणि वर्गात सुतळीवर टांगायचो. धाडसाच्या, चिकाटीच्या गोष्टी. त्यातलं माझं एक पुस्तक फार गाजलं, 'बाई धावल्या'. स्पर्धेत पहिलं आलं. मला शाल मिळाली, आणि ती मी मिरवलीसुद्धा.

गोष्ट घडलेली होती. वनभोजनाला आम्ही टेकडीवरच्या देवळाशी गेलो होतो. रोडगे भाजायला गोवऱ्या पेटवल्या, त्या नेमक्या मोहोळाच्या झाडाखाली. जागा मीच निवडलेली. धूर वर गेला आणि आग्या माश्या उठल्या. मी रडणाऱ्या पोरांना देवळामागच्या अंधाऱ्या खोलीत कोंबून दार लावलं. प्रणिता तेवढी हापशीवर पाणी आणायला गेली होती. पुस्तकात पुढे बाई दार उघडून धावतात, तिला पदराखाली घेऊन येतात. गावालाही मी हेच सांगितलं होतं.

प्रणिताला माश्यांनी फोडून काढलं होतं. शुद्धीवर आल्यावर ती मात्र आईला वेगळंच सांगत होती. आई विचारायला आली. मी म्हटलं, "तापात बरळते हो ती." आई वरमली. लेकीला म्हणाली, "बाईच्या पाया पड." सुजलेल्या तोंडाची ती आठ वर्षांची पोर खरंच वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.

तिचा हात चित्रकलेत चांगला. म्हणून पुस्तकाची चित्रं मी तिच्याकडूनच काढून घेतली. कौतुक म्हणून? छे — तिनं गप्प बसावं म्हणून. तिनं झाड काढलं, धूर काढला, माश्या एकेक करून काढल्या. शेवटच्या पानावर उघडं दार काढलं. आत नुसतं काळं.

"अगं, मी कुठाय?"

"तुमी मले दिसल्याच नाई, बाई. तुमचं तुमीच काढा."

मी निळ्या पेनानं स्वतःला दारात काढलं. पण वर्गात ऊन यायचं, आणि पेनाची शाई उडायची. तिचे खडूचे रंग जसेच्या तसे, फक्त मी फिकी होत जायचे. दर जूनमध्ये, वर्ग भरायच्या आधी, मी स्वतःला पुन्हा गिरवायचे. एका वर्षी राहून गेलं. तिसरीत नवं आलेलं एक पोर पान समोर धरून म्हणालं, "बाई, या दारात कोणीच नाई." त्या दिवशी मी मुलांना लवकर सोडलं.

मग दोन हजार दहानंतर केव्हातरी प्रणिता आली. मुलीचं नाव घालायला. वर्गाचं दार सताड उघडं होतं. तरी तिनं चौकटीवर टकटक केलं. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. मी खुर्चीतून उठले — आणि माझा हात कडीकडे गेला. आतून लावायला. तिनं ते पाहिलं. माश्या चावल्यापासून एका डोळ्यानं तिला अंधुकच दिसतं, दुसऱ्यानं पाहिलं. मग सुतळीवरचं पुस्तक काढून लेकीच्या हातात दिलं आणि फॉर्म भरायला बसली.

कारण टेकडीवर ती अशीच वाजवत होती. "बाई, मी होय न. उघडा न, बाई." मी बाहेर धावले नव्हते. कडी अडकलीही नव्हती. मी ती दोन्ही हातांनी धरून उभी होते, आवाज तिचाच आहे हे मला कळत होतं, आणि टकटक थांबल्यावरही बराच वेळ मी ती सोडली नाही.