पूर्ण एक मिनिट

“घाई कुनाला हाय?” असं म्हणत अक्का समोरच्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवायच्या आणि पूर्ण एक मिनिट भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायच्या.

खटकचिंचोळीत त्यांनी नर्स म्हणून आयुष्य काढलं. तुमच्यापैकी कुणाची नाडी त्यांनी पाहिली असेल, तर ते मिनिट तुम्ही विसरला नसाल. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं त्यांना मान्य नव्हतं. “काळीज काय पाढे म्हनायलंय, सारखं पडायला?”

निवृत्तीनंतर त्यांचंच काळीज बेताल झालं. ठोके कधी धावत, कधी अडखळत. बीदरच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि सांगितलं, बसल्या जागी शंभरच्या आसपास राहिले, दम लागला नाही, तर पुरे. आणखी खाली ओढायचा हट्ट नको.

“मास्तर, शंभर तर शंभर,” ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत अक्का मला म्हणाल्या. “रानापतूर चालत जायले न्हवं मी?”

पण भालकीच्या विहीणबाईंना हाच आजार होता आणि त्यांचे ठोके सत्तर होते. शेतकरी सोयाबीनचा उतारा सांगतात तशा त्या फोनवर आकडा सांगायच्या. “त्येंचे सत्तर, मग माझे कामून शंभर?” अक्का धुमसायच्या.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हे हेरलं. त्याला नाडी बघायला अक्कांनीच शिकवलं होतं. त्याने त्यांचं मनगट धरलं आणि पंधरा सेकंदांत सोडलं.

“एकशेवीस, अक्का. आनखी एक गोळी लावू. सत्तरावर आनतो बघा.”

अक्का बोलल्या नाहीत. सत्तरचा मोह होता. मी शेजारी उभा होतो, घड्याळ पाहिलं होतं. मीही बोललो नाही.

सत्तर आले. विहीणबाईंना फोन गेला. अक्का दिवसभर हसऱ्या होत्या. त्यानंतर आठवड्याने नळावर त्यांना भोवळ आली. बीदरला पोचलो तेव्हा ठोके तिशीत उतरले होते. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं हातात घेऊन विचारलं, “ही दुसरी कुणी दिली?” उत्तर द्यायला अक्का उरल्या नाहीत.

मला भांडता येत नाही. पण दर आठवडी बाजाराला औषधवाल्याचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलं, की मी जातो आणि माझं मनगट काउंटरवर ठेवतो.

“नाडी बघ.”

पंधरा सेकंदांनी त्याची बोटं सैल होतात.

“अजून,” मी म्हणतो.

गिऱ्हाइकं थांबतात. माझं काळीज ठणठणीत आहे हे त्याला माहीत आहे. तो कशासाठी मोजतोय हे साऱ्या गावाला माहीत आहे.

गेल्या बाजाराला त्याने मान वर न करताच विचारलं, “मास्तर, हे कवापतूर चालनार?”

मी घड्याळावरची नजर काढली नाही.

“घाई कुनाला हाय?”