ताडोबाचा पाचवा फाउल

दार कितीही उंच असलं तरी तो वाकूनच आत यायचा. कॉलेजच्या जिमचं दार दहा फूट होतं, तिथेही. मी एकदा हसलो, तर म्हणाला, "प्रोफेसर, दारांवर माझा विश्वास नाही. पंधराव्या वर्षी एका उन्हाळ्यात मी चार इंच वाढलो आणि कुठल्याच दाराने मला आधी सांगितलं नाही."

माझी बायको चंद्रपूरची. सहा फूट दहा इंचांचा हा अमेरिकन मुलगा पहिल्यांदा अमेरिकेत कॅरी गावातल्या आमच्या घरी आला, तेव्हा तिने त्याला वर पाहत पाहत आपल्या गावाजवळच्या जंगलाचं नाव देऊन टाकलं : ताडोबा. त्यालाही ते आवडलं. तो तिला इतर विद्यार्थ्यांसारखं 'काकू' म्हणायचा आणि गोळाभात खायचा. अजून हवा असेल तर मागायचा नाही. रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात नुसता उभा राहायचा. काकू म्हणायची, "बसा हो ताडोबा, उजेड अडतोय."

मी त्या लहानशा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. नागपूरला असताना अकरा वर्षं क्लब क्रिकेटचे सामने वहीत उतरवले होते. हे कळल्यावर बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांनी मला स्कोअररच्या टेबलावर बसवलं. यजमान संघाची वही तीच अधिकृत वही, आणि ती माझ्या हातात. नव्वदच्या दशकातल्या त्या गावात माझ्यासारख्या माणसाला असा मान फारसा मिळत नसे. मला तो फार प्रिय होता.

बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाद. ताडोबा बास्केटखाली खेळणारा, त्यामुळे धक्काबुक्की रोजची. पण स्वतःच्या फाउलांचा त्याचा हिशेब पक्का असे. फाउल झाला की टेबलासमोरून जाताना हळूच सांगायचा, "दोन झाले, प्रोफेसर." मी मान हलवायचो. तीन वर्षांत त्याचा आकडा एकदाही चुकला नाही.

शेवटच्या वर्षी एका दुपारच्या सामन्याला मोठ्या व्यावसायिक लीगची दोन माणसं, खेळाडू हेरणारे स्काउट, खास त्याला पाहायला आली होती. त्याची आई समुद्राकडच्या तिच्या गावाहून तीन तास बसने आली होती, चर्चला घालायची जांभळी हॅट घालून. मध्यंतरापर्यंत ताडोबाचे दोन फाउल होते आणि खेळ असा, की आमच्या टेबलावरही कोणी बोलेना.

क्रिकेटमध्ये स्कोअररने हात वर करून पोच दिल्याशिवाय अंपायर खेळ पुढे सरकू देत नाही. ती सवय माझ्या हाडात भिनली होती. आधीचे गुण नीट लिहावेत म्हणून मी मान खाली घातली, तेवढ्यात शिट्टी झाली. वर पाहिलं तर बास्केटखाली चार जण पडलेले, ताडोबा त्यातच, आणि पंच बोटांनी नंबर दाखवून पाठ फिरवून गेलेला. भोंगा वाजवून विचारायला हवं होतं. मला लाज वाटली. मी अंदाजाने फाउल ताडोबाच्या नावावर लिहिला.

थोड्या वेळाने त्याचा खरा फाउल झाला. समोरून जाताना तो म्हणाला, "तीन, प्रोफेसर." माझ्या वहीत चार होते. शेजारी पाहुण्या संघाचा म्हातारा स्कोअरर बसला होता. तोही म्हणाला, माझ्याकडे तीन आहेत. मी म्हणालो, "अधिकृत वही माझी आहे."

पुढच्या फाउलला मी भोंगा वाजवला. पाच. प्रशिक्षक ओरडत आले, चार आहेत म्हणून. पंचाने मला विचारलं, "नक्की?" सगळं जिम माझ्याकडे पाहत होतं. मी म्हणालो, "नक्की."

ताडोबा वाद न घालता बाकावर जाऊन बसला. अकरा मिनिटं बाकी होती. लीगची माणसं सात मिनिटं उरली असतानाच उठून गेली.

त्या उन्हाळ्यात कोणाचाही फोन आला नाही. तो युरोपात गेला : आधी बेल्जियम, मग ग्रीस, मग इटलीची दुसऱ्या दर्जाची लीग. काकूच्या नावाने पोस्टकार्डं यायची. बेल्जियममध्ये प्रशिक्षक सराव घेताना सिगारेट ओढतो. इटलीत घरमालकीणबाई त्याच्या बुटात कांदे ठेवते, कारण ते बूट टोपलीपेक्षा मोठे आहेत. आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मात्र लोक म्हणायचे, "काका, तुमचा तो ताडोबा, गेम होता, पण टेंपरामेंट नव्हतं यार. स्काउट आलेले असताना कोण फाउल आउट होतं?" मी पुलाव वाढून घ्यायचो.

तीन वर्षांनी तो सुट्टीत आला. आमच्या ड्राइव्हवेवर माझ्या मुलीसाठी बास्केटची नवी जाळी बांधत होता. त्याला शिडी लागत नव्हती. त्याच्या पाठीकडे पाहत मी सगळं सांगून टाकलं.

त्याने गाठ पूर्ण केली. मग म्हणाला, "तीन वर्षं मला वाटत होतं, माझंच मोजणं चुकलं. आता दोन फाउल झाले की मी उडीच मारत नाही. तिकडचे कोच म्हणतात, हा घाबरतो."

मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही, मला कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "माझ्या आईला सांगा. तिला वाटतं, त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी सांगितलं तर बहाणा वाटेल."

मी कबूल केलं. पुढच्या रविवारी जातो म्हणालो. एका रविवारी पेपर तपासायचे होते, एकदा मंडळाची पिकनिक होती. एकदा खरोखरच तीन तास ड्राइव्ह करून तिच्या गल्लीत गेलो. ती पोर्चवर बसून शेंगा सोलत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या कुठल्याही गाडीला करतात तसा तिने मला हात केला. मीही हात केला आणि गाडी थांबवली नाही.

त्या हिवाळ्यात ती गेली. अंत्यविधीनंतर इटलीला परतल्यावर त्याचा फोन आला. "प्रोफेसर, तुम्ही गेला होतात ना?"

मी हो म्हणालो. ती काय म्हणाली, त्याने विचारलं. मी म्हणालो, "म्हणाली, मला ठाऊकच होतं, माझ्या मुलाचं मोजणं चुकत नाही." पलीकडे तो बराच वेळ रडला आणि मग माझे आभार मानले.

आज तो तिथल्याच एका गावात शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतो. दर ख्रिसमसला फोन करतो आणि आईचं ते वाक्य सांगतो. मुलांनाही सांगतो म्हणे.

मला आता शहाऐंशी वर्षं झाली. काकूला जाऊन चार वर्षं झाली. तिलाही मी हे सांगितलं नव्हतं. इथवर लिहिलेलं काल सकाळी मुलीला वाचून दाखवलं. तिने कागद माझ्या हातातून काढून घेतले. मग म्हणाली, "बाबा, त्याला मराठी वाचता येत नाही." आणि तिने फोन लावून माझ्या हातात दिला.

तिकडे दुपार होती. मागे मुलांचा गलका आणि चेंडूंचे आवाज. "प्रोफेसर? ख्रिसमस नाही, काही नाही. बरे आहात ना?"

"तुझ्या आईशी मी बोललोच नव्हतो," मी म्हणालो. "ते वाक्य माझं होतं."

चेंडू आपटत राहिले. मग कुठलंतरी दार लागल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"सुरुवातीपासून सांगा," तो म्हणाला.