हिरवं बटण

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला विचारलं, "तू शाळेत विज्ञान शिकवतेस ना? त्या पुस्तकात जे लिहिलंय, त्यातलं तू स्वतः किती करून बघितलंयस?"

मी चहा गाळत होते. "बरंचसं," मी म्हणाले.

"बरंचसं म्हणजे किती? आकडा सांग."

आपण कुठल्या घरात येऊन पडलो, असं मनाशी म्हणत मी कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो आधी बोटाने चाचपला, मग थोडा चहा बशीत ओतून बघितला आणि मग प्यायले. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. चहा गरम आहे हे मी सांगितलं तरी बाबा अजून बोट लावूनच बघतात.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं एकाच कंपनीत. तिथे त्यांचं नाव शंकासूर पडलं होतं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. दुरुस्ती झाली की बाकीचे लोक खाली उभं राहून दोनदा लिफ्ट वरखाली करून बघायचे आणि वहीत सही करून मोकळे व्हायचे. बाबा मात्र लिफ्टच्या टपावर चढून, हातात बॅटरी घेऊन, तळापासून माथ्यापर्यंत दोर बघत जायचे. पोलादी दोराची एक तार जरी सुटलेली दिसली तरी सही नाही. साहेब ओरडायचे, गिऱ्हाईक ओरडायचं, हे आपले खाली बसून डबा खायचे. इमारतींचे वॉचमन मात्र नवीन माणूस आला की विचारायचे, "शंकासूर बघून गेलाय का? मग बसतो आम्ही."

निवृत्त झाले, पण शंका काही निवृत्त झाली नाही. उलट तिला आता दिवसभर वेळ मिळायला लागला. एका पत्र्याच्या डब्यात ते वर्तमानपत्राची कात्रणं ठेवतात. प्रत्येकावर तारीख. "कॉफीने हृदय बळकट होते, संशोधकांचा दावा." त्याच्याच खाली, सात महिन्यांनंतरचं, "कॉफी हृदयाला घातक, संशोधकांचा इशारा." मी एकदा चिडून म्हणाले, "बाबा, विज्ञान असंच चुका सुधारत पुढे जातं."

"जाऊ दे की. मी कुठे अडवलंय? मी फक्त कितव्या मजल्यावर आलंय तेवढं बघतोय."

घरगुती औषधं सांगणाऱ्यांनाही ते सोडत नाहीत, उगाच एकट्या शास्त्रज्ञांवर राग नको. शेजारच्या काकूंनी गुडघ्यासाठी कसलासा पाला बांधायला दिला, तर यांनी एकाच गुडघ्याला बांधला आणि दुसरा तसाच ठेवला. दहा दिवसांनी दोन्ही गुडघे सारखेच दुखतायत असा निकाल त्यांनी काकूंना जिन्यात जाहीर केला. काकू महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

निवडणुकीत एक उमेदवार दारात आला आणि हसून म्हणाला, "निवडून आलो की तुमच्या इमारतीला दुसरी लिफ्ट." बाबांनी शांतपणे विचारलं, "कुठून नेणार? जिन्यातून की कुणाच्या स्वयंपाकघरातून?" बिचाऱ्याने सोबतच्या माणसांकडे बघितलं, सोबतच्या माणसांनी छताकडे. पण मतदानाच्या दिवशी बाबा सकाळी सगळ्यांच्या आधी रांगेत. मी विचारलं, विश्वास नाही तर जाता कशाला? तर म्हणाले, "तो ब्रेक आहे. ब्रेक काही लिफ्ट वर नेत नाही. पण नसला तर कळेल तुला."

माणसांविषयी त्यांचं मत सगळ्यात वाईट, आणि त्याचा पुरावा आमच्याच लिफ्टमध्ये आहे. सात मजल्यांच्या आमच्या इमारतीत आम्ही चौथ्यावर राहतो. लिफ्टमधल्या 'दार बंद' या बटणाची तार बाबांनी फार पूर्वी तोडून ठेवलीय, कारण लोक ते दाबून दुसऱ्यांच्या बोटांवर दार लावायचे. दार त्याच्या वेळेला आपसूक बंद होतं. तरी आत शिरलेला प्रत्येक जण ते बटण दाबतो, दार बंद झालं की खूश होतो. "बघितलंस?" बाबा माझ्या कानात म्हणतात. "तार जोडलेली नाही. तरी समाधान आहे."

आणि त्याच्याखाली एक हिरवं बटण आहे. ते सासूबाईंचं.

बावीस वर्षांपूर्वी वीज गेली आणि आई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये चाळीस मिनिटं एकट्या अडकल्या. काळोखात. बाहेर आल्या आणि त्यानंतर त्यांनी लिफ्टचं नावच टाकलं. हातात पिशव्या घेऊन चार मजले चढायच्या. लिफ्टवाल्याचीच बायको जिन्याने जाते म्हणून इमारतीत हसू व्हायचं. बाबांनी त्यांना दोर, ब्रेक, सगळं कागदावर काढून समजावलं. काही उपयोग झाला नाही. मग एका रविवारी त्यांनी पॅनलचा पत्रा कापला, हिरवं बटण बसवलं आणि आईंना सांगितलं, "हे दाबलं की लिफ्ट मध्ये अडकत नाही. खास तुझ्यासाठी जोडलंय."

आईंनी आधी ते दाबलं, मग चौथ्या मजल्याचं. लिफ्ट चौथ्यावर आली. तेव्हापासून त्या रोज लिफ्टने जातात, आणि आत पाऊल टाकलं की आधी हिरवं बटण.

"त्याला तार नाही," बाबांनी मला लग्नानंतर दोनेक महिन्यांनी सांगितलं. घरात फक्त मला, विज्ञानाची म्हणून. "मागे नुसती पोकळी आहे. माणसाला खरं नको असतं गं. दाबायला काहीतरी हवं असतं." ते हसले, आणि मीही हसले. आज ते आठवलं की मला माझाच राग येतो.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याने त्यांना मनगटावरचं घड्याळ आणून दिलं, पावलं आणि नाडी मोजणारं. बाबांनी खुर्चीत बसून भांड्यातली आमटी ढवळली आणि घड्याळात सहाशे पावलं झाली. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होते. पण काढलं मात्र नाही. खोटं पकडलेल्या साक्षीदाराला ते सहसा सोडत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा सातव्या मजल्याच्या वर, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन मोटरचा आवाज ऐकतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारतही नाही. अशाच एका पहिल्या तारखेला ते लवकर परतले नाहीत म्हणून मी वर गेले, तर गच्चीच्या जिन्यात भिंतीला टेकून बसलेले. तोंड पांढरं पडलेलं. कपाळाला खोक.

"पाय घसरला," ते म्हणाले.

घरी आणलं, खोक पुसली. माझी नजर घड्याळावर गेली. नाडी छत्तीस.

"ते खोटं बोलतं. आमटीचं विसरलीस का?" त्यांनी घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. बहात्तर. आईंच्या हाताला. अठ्ठ्याहत्तर. परत स्वतःच्या हाताला. पस्तीस. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मनगटावर तीन बोटं ठेवून, त्यांनी स्वतः पूर्ण मिनिट मोजलं. दोनदा. यंत्र तपासायची हीच रीत त्यांनी आयुष्यभर पाळली होती, आणि ती त्यांच्या बाजूने उत्तर देत नव्हती.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई माझ्याहूनही लहान दिसत होत्या. त्यांनी सांगितलं, पेसमेकर बसवावा लागेल, आणि लवकर. तोवर एकट्याने कुठे जायचं नाही. पुढची चक्कर जिन्यात आली आणि डोक्याला लागलं, किंवा ठोके थांबले ते पुन्हा सुरूच झाले नाहीत, असंही होऊ शकतं. आईंनी माझा हात घट्ट धरला.

बाबांनी खिशातून चिठ्ठी काढली. प्रश्न लिहून आणले होते. "आजवर हे किती वेळा चुकलंय?"

मला वाटलं, आता या बाई रागावणार. त्या म्हणाल्या, "शंभरातल्या दोन-तीन जणांची, यंत्रापासून हृदयात सोडलेली तार सुरुवातीला सरकते, परत बसवावी लागते. गेल्या वर्षी माझ्याच हातची दोघांची सरकली."

बाबांनी मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. "बॅटरी?"

"आठ ते दहा वर्षं. छापील कागदावर जास्त लिहिलंय. माझा त्यावर विश्वास नाही."

"आणि मध्येच बंद पडलं तर?"

"तर तुमचं हृदय आज जसं अडखळत चालतंय तसं चालेल. हे यंत्र नुसतं लक्ष ठेवून बसतं. तुमचा ठोका चुकला तरच आपला देतं."

एवढी सरळ उत्तरं बाबांना आयुष्यात कुणी दिली नसतील. मी मनात म्हटलं, जमलं! पण त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

आठवडा गेला. माझ्या नवऱ्याने समजावलं, मी समजावलं, ओरडलेसुद्धा. ते कात्रणांचा डबा घेऊन बसायचे आणि एकही कात्रण वाचायचे नाहीत. आठव्या दिवशी दवाखान्यात जाऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं, "नको." डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं. बुटांकडे बघत ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी प्रत्येक यंत्र उघडून बघितलं आणि मगच सही केली. हे मला उघडता येणार नाही."

ते घाबरले होते. तेरा वर्षांत मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, म्हणून इतके दिवस मला ते ओळखूच आलं नाही. "चार दिवस मी तुमच्या फोनची वाट बघीन," डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या.

बाबा, आई आणि मी घरी आलो. लिफ्टमध्ये शिरलो. आईंनी सवयीने हिरवं बटण दाबलं, आणि बाबांचा आठवडाभराचा कोंडलेला राग त्या बटणावर निघाला.

"दाबू नकोस ते! तार नाही त्याला. बावीस वर्षं नुसतं प्लास्टिक दाबतेयस तू!"

मी घाईने चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट आपली सावकाश वर निघाली.

"माहीत आहे," आई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तार नाही ते. नऊ वर्षांपूर्वी लिफ्ट रंगवायला काढली होती ना, तेव्हा रंगाऱ्याने हा पत्रा उतरवला होता. मी समोरच उभी होते. सगळ्या बटणांच्या मागे तारा, याच्या मागे काही नाही. त्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, हे शोभेचं आहे, आजी."

"मग नऊ वर्षं दाबतेयस कशाला?"

"अहो, बटणाने लिफ्ट चालते असं मला कधी फारसं वाटलंच नव्हतं. पण सगळी इमारत हसत होती तेव्हा तुम्ही एकट्याने माझ्या भीतीसाठी रविवार घालवलात, पत्रा कापलात, बोटाला लावून घेतलंत. ते आठवतं मला दाबताना. मग नाही वाटत भीती." चौथा मजला आला. दार उघडलं, पण आई बाहेर पडल्या नाहीत. "आता मला तुमची भीती वाटते. रात्रंदिवस वाटते. माझ्यासाठी अजून एक बसवून घ्या. आणि त्याला तर तार आहे."

दार त्याच्या वेळेला बंद झालं. आम्ही तिघं आतच. बाबांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि चष्मा पुसला.

"फोन लाव त्या बाईंना," ते मला म्हणाले. "सांग, शंकासुराची सही मिळाली."

पेसमेकर बसला, आणि तार सरकली नाही. महिना-दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, म्हणून बाबांनी कंपनीतल्या जुन्या सोबत्याला बोलावून घेतलं आणि स्वतः लिफ्टच्या दारात खुर्ची टाकून बसले. सोबत्याने हिरव्या बटणामागे तार जोडली, ती लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या शाफ्टमधून आमच्या स्वयंपाकघरात आणली आणि तिथे एक घंटा बसवली. बाबांनी प्रत्येक जोड ओढून बघायला लावला. सोबती वैतागून म्हणाला, "छातीत यंत्र बसवलं, तरी तुझी खोड जात नाही रे."

"ते ठोक्यांसाठी आहे," बाबा म्हणाले.

आता आई बाहेरून आल्या, लिफ्टमध्ये शिरल्या, हिरवं बटण दाबलं की माझ्या डोक्यावर ठणठण घंटा वाजते. मी रोज दचकते. कात्रणं कापत बसलेल्या बाबांना म्हणते, "आई आल्या."

"घंटा वाजली म्हणून तीच आली, हे सिद्ध होत नाही," बाबा म्हणतात. "कुणीही दाबलं असेल." आणि कात्री ठेवून, लिफ्ट वर पोचायच्या आत, दार उघडून उभे राहतात.