बारकीने न घेतलेलं नाव

बारकीचा हात हलका होता. भुवया कोरताना डोळ्यांत पाणी येऊ न देणारी पार्लरवाली शहरात दुसरी नाही, असं बायका म्हणायच्या. दोऱ्याचं एक टोक दातात धरून, मान तिरकी करून ती कामाला लागली की समोरच्या बाईची टकळी सुरू व्हायची. नवऱ्याचं घोरणं, जावेचे नखरे, शाळेतल्या मास्तरीणबाई. बारकी नुसतं हुं हुं करायची. दातात दोरा असल्यावर दुसरं काय करणार? तिच्या ते पथ्यावरच पडलं होतं.

कारण स्वतःबद्दल तिला बोलायचंच नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर उत्तर ठरलेलं असायचं. आईबाप लहानपणी गेले, मामाने वाढवलं, आता मामाही राहिला नाही. एवढ्यात सगळं घराणं निकालात निघायचं आणि समोरची बाई चुकचुकून गप्प बसायची.

खरं म्हणजे तिची आई चांगली जिवंत होती. टेकडीपलीकडे महारोग्यांची वसाहत होती, तिथे राहायची. रोग औषधांनी केव्हाच बरा झाला होता, पण जाताना बोटं वाकडी करून गेला होता. बारकी तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली. अंगाने काडी, म्हणून सगळे बारकी म्हणायचे. तिला स्वतःला कधी काही झालं नाही. डॉक्टर तपासायचे आणि म्हणायचे, "ठणठणीत आहेस, पळ." पण वसाहतीबाहेरच्या दुकानदाराने तिच्या हातात कधी सामान दिलं नाही. तो ते फळीवर ठेवायचा, आणि ती लांब गेली की फळी पुसायचा.

शिकाऊ म्हणून पहिल्यांदा ज्या पार्लरमध्ये ती लागली, तिथे तिने भोळेपणाने सगळं खरं सांगितलं. दुपारच्या आत तिला वाटेला लावलं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

ती शहरात आली ती एकटी नव्हे. शेजारच्या खोलीतली गोरी बरोबर होती. दोघी एका पाळण्यात झोपल्या होत्या, एका फळ्यासमोर दोघींनी मार खाल्ला होता. शहरातही एकच खोली, एकच गादी. गोरी कापडाच्या दुकानात उभी राहायची. दिसायला देखणी, बोलायला गोड. तिथेच हार्डवेअरवाल्यांचा धाकटा मुलगा तिच्यावर भाळला.

लग्न ठरलं त्या दिवशी गोरी गादीवर मांडी घालून म्हणाली, "हे बघ, आता आपली ओळख नाही. तू मामाकडे वाढलीस ना? मग मी काकाकडे. दोघींचा मामा एकच निघाला तर पंचाईत."

दोघी पोट धरून हसल्या. मग गोरी तिच्या गळ्यात पडून रडली. "तुझ्याशिवाय मला कोण आहे गं?" म्हणाली.

लग्नानंतर गोरी सासूबाईंबरोबर पार्लरला यायची. "जरा कडेने कोरा हं, ताई," असं परक्यासारखं बोलायची, आणि टॉवेलखालून बारकीचा हात घट्ट दाबायची. सासूबाई वाफ घ्यायला आत गेल्या की पुटपुटायची, "आई कशी आहे?"

तिची आईही वसाहतीतच होती. बारकी तिला काकू म्हणायची. डोळ्यांनी अधू झालेली काकू दारात बसून असायची आणि सुट्टीच्या दिवशी गुपचूप येणाऱ्या बारकीची चाहूल लागली की विचारायची, "माझी पोर काय म्हणते?" गोरी काही म्हणत नसे. तिला घाई असायची. मग बारकीच वाटेत काहीतरी जुळवून न्यायची. "औषध चुकवू नका म्हणालीय. नात तुमच्यावर गेलीय म्हणाली." काकू ते दिवसभर सगळ्यांना सांगत बसायची.

अशी बरीच वर्षं गेली. पार्लरच्या मालकीणबाई बारकीवर दुकान टाकून निर्धास्त गावाला जाऊ लागल्या. "तू मला मुलीसारखी," म्हणायच्या.

एक दिवस दुपारी बारकी बँकेतल्या बाईंच्या चेहऱ्याला क्रीम लावत होती. अर्ध्या चेहऱ्याला लावून झालं होतं, तोच दार ढकलून गोरीच्या सासूबाई आत आल्या. मागे गोरी. सासूबाई बसल्या नाहीत.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

बारकीला वाटलं, काही चेष्टा असेल. तिने क्रीमने माखलेले हात पुढे केले. सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नवा कंपाउंडर आलाय," त्या गल्ल्यावरच्या मालकीणबाईंकडे वळून म्हणाल्या. "पूर्वी महारोग्यांच्या वसाहतीत होता. काल आमच्या सुनेला बघून सरळ म्हणाला, तू तिथलीच ना? माझ्या मोठ्या सुनेदेखत! घरी येऊन हिला विचारलं, तेव्हा हिने तोंड उघडलं. म्हणे, मला कधीतरी बाजारात त्या पार्लरवालीबरोबर पाहिलं असेल. तिथली आहे ती. ही तुमची!"

बारकीने गोरीकडे पाहिलं. गोरी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"खरं आहे का गं?" मालकीणबाईंनी गोरीलाच विचारलं.

"हो," गोरी म्हणाली. "हिनेच मला सांगितलं होतं. मला किळस आली, पण म्हटलं कशाला कुणाच्या पोटावर पाय द्या. म्हणून गप्प बसले. माझं चुकलंच."

आवाज कुठे कापला नाही. बारकीला सगळ्यात जास्त लागलं ते किळस या शब्दाने. तो म्हणायची काय गरज होती? तो नसता म्हटला तरी चाललं असतं.

बँकेतल्या बाई अर्धं क्रीम तोंडावर तसंच घेऊन उठल्या, स्वतःच्या ओढणीने खसाखसा पुसू लागल्या. "अहो, हिचे हात माझ्या तोंडाला..." एवढंच त्यांना बोलता आलं.

"मला काही झालेलं नाही," बारकी म्हणाली. "कधीच नव्हतं. आणि ते असं लागतही नाही." पण ऐकायला कुणी तयार नव्हतं.

मालकीणबाई रडवेल्या झाल्या. "माझं दुकान आहे गं. मी तरी काय करू?" त्यांनी बारकीची पर्स आणून दिली. हातात नाही, स्टुलावर ठेवली.

बारकी रस्त्यावर आली तेव्हा तिच्या बोटांना अजून क्रीमचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी ती खोलीतलं सामान आवरत होती. घरमालकाच्या कानावर बातमी गेलीच होती. तेवढ्यात गोरी आली. दार लोटून घेतलं आणि खाली बसली.

"तू माझं नाव घेतलं नाहीस," ती म्हणाली. "तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही."

"उपकार नाही केले," बारकी म्हणाली. "तू किळस म्हणालीस आणि माझी दातखीळ बसली. ती सुटली तेव्हा मी रस्त्यावर होते. तिथेच विचारलं असतं कुणी, तर घेतलं असतं नाव."

गोरीचा चेहरा उतरला. "मला मुलगी आहे, बारके. ते लोक तिला ठेवून घेतील आणि मला हाकलतील. तू एकटी आहेस. तुला कुठेही काम मिळेल."

"म्हणून मला निवडलंस."

"दुसरं कोण होतं?"

ती अगदी साधेपणाने बोलली, जणू उधार साखर मागायला आली होती. बारकीने तिच्याकडे पाठ केली आणि पातेली पोत्यात भरू लागली. गोरी उठली. जाताना बाहेर कुणी नाही ना, हे दाराच्या फटीतून बघून मगच निघाली.

बारकी वसाहतीत पोचली. आईने पोतं बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं. वाकड्या बोटांत कप धरून चहा पुढे केला. बारकी म्हणाली, "मी तिथे सगळ्यांना सांगितलं होतं, तू मेलीस म्हणून."

"ठाऊक होतं मला," आई म्हणाली. "मीही तेच सांगितलं असतं. चहा घे."

बारकी तेव्हा रडली. आई थोपटत राहिली.

तेवढ्यात भिंतीला चाचपत काकू आली. "बारकी आली ना? माझी पोर काय म्हणते?"

आईने डोळ्यांनीच खुणावलं, नको. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या वतीने गोड बोलून बारकीची जीभ शिणली होती. तिने सगळं सांगितलं. कंपाउंडर, सासूबाई, किळस. एक शब्द गाळला नाही. तिला वाटलं, काकू कपाळाला हात लावेल, लेकीला शिव्या घालेल, निदान आपल्या डोक्यावरून हात तरी फिरवेल.

काकू भिंतीला धरून खाली बसली. मग तिने सुस्कारा सोडला.

"म्हणजे तिच्या घरी काही कळलं नाही ना? वाचली म्हणायची."

बारकी चहा तसाच ठेवून उठली. आपण कुणासाठी निरोप जुळवत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. त्यानंतर काकूच्या दारावरून जाताना ती थांबली नाही. काकू हाक मारायची, बारकी चालत राहायची. आई म्हणायची, म्हातारीचा काय दोष? बारकी म्हणायची, नसेल. पण मी थांबणार नाही.

पुढे लांबच्या एका गावात बसथांब्यामागे तिने स्वतःचं पार्लर टाकलं. एक आरसा, दोन खुर्च्या. नवी बाई बसली की दोरा हातात घेण्याआधीच ती सांगून टाकते, मी अमुक वसाहतीतली, आई अजून तिथेच असते. काही बायका विसरलेलं काम आठवून उठतात. काही बसून राहतात. आता बऱ्याच जणी बसतात, धंदा बरा चालतो.

उठून जाणाऱ्यांचं तिला काही वाटत नाही. एखादी मात्र बसते, हसते, टॉवेलखालून हात काढून तिचा हात धरते आणि म्हणते, "मला त्याचं काही नाही हं, तू मला बहिणीसारखी." तेव्हा बारकी आपला हात हळूच सोडवून घेते आणि दोऱ्याचं टोक दातात धरते.