मातीसकट चोवीस किलो

"वीस किलोची रेघ? कुठं हाय? माझ्या काट्यावर तर मी कवा बघिटलो न्हाई!"

"आवं आक्का, काट्यावर कशी असंल? कायद्यात हाय ती."

"मग मला कवा सांगिटलासा?"

"तुमाला सांगून काय उपेग? तुमचं काम वजन करायचं, तुमी केलासा. उद्या कोर्टात यायचं, चोवीस किलो सहाशे ग्रॅम भरलं, सही माझीच हाय, एवढं बोलायचं आनि घरला जायचं. मागल्या टायमाला न्हाई का केलासा?"

हंबीरराव हवालदार समन्स घेऊन आला होता. माणूस रहिमतपूरकडचा, बोलायला मोकळा. आक्काच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, "बरं झालं, माल वीस किलोच्या वर भरला. खाली भरला असता तर म्हातारा कवाच जामिनावर सुटून परत हळदीत बसला असता." बोलणारा बोलून मोकळा झाला. ऐकणारीच्या हातातलं सूप वाकडं झालं आणि अर्ध्या शेंगा ओट्यावर पसरल्या. त्या गोळा करायचंही तिला सुचेना.

म्हातारा म्हणजे आमच्या गावचा बिरदेव धनगर. हळदीच्या सरीत गांजा लावला म्हणून दोन वर्षं झाली, सांगलीच्या जेलात होता. आणि त्याचा गांजा मोजणारी ही विजयमालाआक्का. आमच्याकडं, इस्लामपूरच्या खालच्या अंगाला, पुष्कळ बाया 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आक्काही तशीच. पुण्याकडच्या कुणाला हसू आलं तर त्यानं हसून घ्यावं.

नवरा कल्लाप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दुकान तिच्या एकटीच्या जिवावर. सोयाबीन, भुईमूग, हुलगा, शाळू, जे येईल ते मोजून घ्यायचं आणि सांगलीला पाठवायचं. काट्यावर दर वर्षी सरकारी शिक्का. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गावात मुनी महाराजांचा चातुर्मास झाला, तेव्हा सासूनं तिला पुढं बसवून दोन नियम घ्यायला लावले. एक, कंदमूळ खायचं नाही. दुसरा, कमी मापायचं नाही आणि जास्तही मापायचं नाही. पहिला नियम कुणाच्या लग्नाच्या पंगतीत नकळत मोडला असेल. दुसरा कधी मोडला नाही. माल ओला असला तर ओल्याचा कडता धरायचा, म्हणजे तेवढं वजन वजा करायचं, मातीचा असला तर झाडून घ्यायचा, आणि धरलेला कडता शेतकऱ्याला तोंडावर सांगायचा. तीन गावचे लोक दुसरीकडं मोजलेलं पोतं तिच्याकडं आणून परत मोजून बघतात.

हे पोलिसांनी हेरलं. गांजाच्या धाडीत पंचनामा करताना काटेवाला लागतो. कुणी भंगारवाल्याला नेतो, कुणी किराणावाल्याला. आमच्या ठाण्यानं आक्काला धरलं. शिक्क्याचा काटा, विधवा बाई, कांदा न खाणारी जैन. कोर्टात कोण हिला खोटं म्हणेल? पंचनाम्यात तिचं नाव 'वजनकाटाधारक' असं लागायचं. नऊ वर्षांत अकरा धाडी झाल्या. लोक टोमणे मारायचे, "आक्का, कांदा खाईत न्हाईस आनि गांजा मोजतीस व्हय गं?" ती म्हणायची, "मोजतो. खातो का?"

बिरदेवची धाड तिला पक्की आठवत होती. दिवाळीच्या आधी परतीचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला होता. हळद छातीला लागत होती आणि तिच्या मध्ये माणसापेक्षा उंच सोळा झाडं. पोलिसांनी ती मुळासकट उपटली. काळी माती, तीही भिजलेली. एकेका मुळीला नारळाएवढा गड्डा चिकटून आला. ताडपत्रीत गठ्ठा बांधला. आक्कानं आधी रिकामी ताडपत्री काट्यावर ठेवून तिचं वजन उडवलं, आकडा शून्यावर आणला. मग साहेबाला विचारलं, "झाडून घ्यायचं का?" साहेब तरणा होता, चिखलानं बूट भरलेले, त्याला घरी जायची घाई. "पुरावा आहे तो, हात लावू नका. जसं आहे तसं मोजा."

बांधावर हात बांधून बसवलेला बिरदेव तेवढ्यातही म्हणाला, "आक्का, सोयाबीनमदला खडा निवडून टाकतीस, आनि माझं ढेकळासंगट मोजतीस व्हय?"

सगळे हसले. आक्काही हसली होती.

आता हंबीररावासमोर तिला ते हसणं आठवलं.

"हंबीरराव, माती हुती की वो त्यात."

"असंल. गांजाबी हुताच की. त्यानं लावला न्हवता काय?"

लावला होता. बिरदेव काही साधू नव्हता. विशीपासून चिलीम ओढायचा. गावात कुणाचा बैल फुगला तर पाला वाटून पाजायचा, त्याचे पैसे घ्यायचा नाही. पण कारखान्याचा हंगाम लागला की ट्रकवाले त्याच्या खोपीवर थांबायचे आणि ते काही बैलाच्या औषधासाठी थांबत नव्हते. हे सगळ्या गावाला ठाऊक, आक्कालाही. तिचा हिशेब साधा होता : गांजा सापडला की माणूस आत जातो, तोळाभर असो नाहीतर गाडीभर. आकडा हा नुसता कागदाचा सोपस्कार. त्या आकड्यानं कुणी आठ दिवसांत सुटतं आणि कुणी दोन वर्षं कुजतं, हे अकरा पंचनाम्यांवर सही करूनही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत घरी जेवणं होतात. आक्काच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. सासू नव्वदीची. सगळा गाव तिला अव्वा म्हणतो. ऐकायला कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई अव्वा. गांजाचं कोर्ट हाय उद्या."

"गांजाचं कसलं आलंय कोर्ट? आपल्या दुकानात हुता की."

आक्काला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

"तू आईक तर. माझा सासरा इकायचा. सरकारचा परवाना हुता, दाराला पाटी. पुड्यांवर मोहोर मारून यायची. बाजारादिवशी गोसावी, हमाल, भोई, लय गर्दी. तोळ्यावर इकायचा. मी लगीन हून आलो तवा वरीसभर हुतं, मग सरकारनंच बंद केलं."

"कुठं इकायचे?"

"तुजा काटा हाय न्हवं, तितंच. त्याच ओट्यावर."

"आनि पाप न्हाई लागलं?"

अव्वानं जरा विचार केला. "मोहोर सरकारची हुती न्हवं," ती म्हणाली आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

तीस-पस्तीस वर्षं आक्का त्या ओट्यावर बसत होती. ज्या घराण्याच्या चोखपणाच्या गोष्टी सांगून तिला सून करून आणलं, त्या घराण्यानं सरकारी शिक्क्याचा गांजा विकला होता. आणि तिनं त्याच जागेवरचा सरकारी शिक्क्याचा काटा उचलून नेऊन एकाला दोन वर्षं आत ठेवलं होतं. ताट तसंच सरकवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, वजन तुम्हीच केलं का? व्हय. काटा प्रमाणित होता का? व्हय. किती भरलं? चोवीस किलो सहाशे. सही तुमची? माझीच. वकील बसला. मागं हंबीररावानं मान हलवली, म्हणजे झालं.

बिरदेवला वकील सरकारनंच दिली होती. दीपाली नावाची पोरसवदा बाई, काळा कोट तिला दोन बोटं मोठाच होता. ती उठली.

"मुळांना माती होती का?"

"हुती."

"मुळं, खोडं, पानं, सगळं एकत्र मोजलं?"

"व्हय."

"कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, हे तुम्हाला माहीत होतं?"

आक्का तिच्याकडं बघतच राहिली. मग जजसाहेबांकडं वळली. "म्हंजे साहेब, मुळ्या गांजा न्हाई?"

"साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात," जजसाहेब म्हणाले. पण पेन त्यांनी थांबवलं होतं.

दीपालीला धीर आला. "मग माती पाच किलो तरी असेल? अंदाजे सांगा."

"अंदाज मी देत न्हाई."

"निदान तीन-चार?"

"बाई, मोजली न्हाई ती सांगू कशी? माती हुती, एवढं खरं. झाडून मोजलो असतो तर हा आकडा आला नसता, हेबी खरं. किती आला असता ते मला ठावं न्हाई. माझ्या दुकानात कुनी भुईमूग असा आनला असता तर मी काट्यावर चढवलोच नसतो."

दीपालीचं तोंड पडलं. तिला आकडा हवा होता. सरकारी वकील उसळून उठला. "दोन वर्षांपूर्वीच्या जबाबात मातीचा एक शब्द नाही. तेव्हा का बोलला नाहीत?"

"कुनी इच्चारलं न्हाई."

"मग आताच कसं आठवलं? कुणी पढवलं तुम्हाला?"

"हवालदारानं."

कोर्टात हशा पिकला. आक्काला कळेना, लोक का हसतात. ती आपली खरं सांगत होती. "काल त्यांनीच सांगिटलं की, वीसची रेघ हाय म्हणून. त्याच्या आधी मला काय म्हाईत?" हंबीरराव उठून बाहेर गेला.

बाहेर चहाच्या गाड्यावर त्यानं तिला गाठलं. चिडला होता, पण आवाज बारीक.

"आक्का, माझी नोकरी खाल्लीसा. आनि कुनासाठी? माझ्या भनीचा पोरगा, पृथ्वीराज. हुशार पोरगं. हॉस्टेलात हीच पुडी वढाय लागलं. आज बावीस वरसाचा हाय, मिरजंला दवाखान्यात भिंतीसंगं बोलत बसतोय. आईला म्हंतो, तू इख घालतीस जेवणात. त्याला पुडी कुनी दिली? अशाच एका बिरदेवनं."

दीपालीही तिथंच कागद गोळा करत उभी होती. ती म्हणाली, "हवालदारसाहेब, दारूनं किती पोरं गेली? दारूचं दुकान बंद करता का? काही देशांत गांजाची परवान्याची दुकानं झाली. आपल्याच देशात कुठं कुठं भांगेची सरकारी दुकानं आहेत. उद्या इथंही परवाना मिळेल, मग आज आत टाकलेल्यांचं काय?"

"उद्या परवाना मिळाला तर तुमी जाऊन घ्या, बाईसाहेब. आमचं पोरगं तर गेलं."

"परवाना नव्हता तेव्हाच गेलं ना ते?" दीपालीचं उत्तर तयार होतं. ते ऐकून हंबीररावाचा चेहरा असा झाला की आक्कानं तिचा हात धरला. "बाई, ऱ्हाऊ दे आता."

तिला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचंही पटत नव्हतं. परवाना असताना तिच्या आजेसासऱ्याच्या ओट्यावर कुणाची पोरं भिंतीशी बोलायला लागली असतील, ते अव्वानं सांगितलं नव्हतं. अव्वाला कुणी विचारलं नसेल.

"हंबीरराव," ती म्हणाली, "आधीच्या धा जणांचं काय झालं?"

"कुठल्या?"

"बिरदेवच्या आधी मी मोजलेले. दोघाचौघांची झाडं चिखलातलीच हुती. त्यांची नावं कागदावर असतील न्हवं?"

हंबीररावानं चहाचा कप गाड्यावर आपटला. "ते उकरून काय मिळणार तुमाला?"

"मिळायचं काय न्हाई. नावं पायजेत."

तो पाठ फिरवून निघाला. ठाण्याची जीप आक्काला न घेताच परत गेली, कोर्टात दाखवायला आणलेला काटा पिशवीत घालून तिला एसटीनं यावं लागलं.

दीड महिन्यानं निकाल लागला. झाडं लावली हे शाबीत झालं, वजन शाबीत झालं नाही. बिरदेवनं आत काढलेली दोन वर्षं हीच शिक्षा धरली. सुटल्यावर चौथ्या दिवशी तो दुकानात आला. गालाची हाडं वर आलेली, दाढी पांढरी. हळद दोन हंगाम कुणी काढली नव्हती, खोपीचे पत्रे कुणीतरी नेले होते. ओट्याच्या कडेला टेकला आणि पाणी मागितलं.

आक्कानं तांब्या दिला.

"बिरदेव, मी इच्चारलो हुतो रं. झाडून घ्यायचं का म्हणून. साहेबच न्हाई म्हटला."

"आईकलोय की मी. तितंच हुतो."

"मग?"

"मग काय? इच्चारलीस आनि गप बसलीस." तो रागानं बोलला नाही. पावसाचं सांगावं तसं सांगितलं. पाणी प्याला, तांब्या पालथा घातला. "माझंबी चुकलं. सोळा कशाला लावायची? धा लावली असती तर मातीबी धाचीच आली असती."

आक्काला हसावं की काय करावं कळेना. तिचा हात नुसता काट्याच्या पत्र्यावरून फिरत राहिला.

बाहेर ट्रॅक्टर लागला. खालच्या आळीचा पोरगा सोयाबीनची सहा पोती घेऊन आला होता आणि आल्या आल्या ओरडत होता, "आक्का, लवकर मोजा वो, परत दोन खेपा हायत!"

बिरदेव उठून चालायला लागला. आक्कानं त्याच्याकडं बघितलं, मग पोत्याचं तोंड सोडलं, तळापर्यंत हात घातला, चार दाणे काढून एक दाताखाली धरला. कट्ट आवाज आला नाही.

"वलं हाय हे," ती म्हणाली. "दोन दिस उनात टाक आनि परवा आन. आज मी मोजत न्हाई."