साडेसातच्या सीरियलमधली गाय

डाळिंबाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईचे हात अडकलेले असतात, तोंड मात्र दिवसभर मोकळं. त्यामुळे आमच्याकडे किस्से साठत जातात. बारामती-इंदापूर रस्त्याला आमचं शेड आहे. शेतकऱ्याचा माल क्रेटमधून येतो, आम्ही गोल करून बसतो आणि मोठं, मध्यम, डागी असं वेगळं करत जातो. नजर फळावर आणि विषय कालची सीरियल. मालकाला वाटतं बायका भांडतायत. भांडतोच, पण एकमेकींशी नाही, सीरियलवाल्यांशी.

सीरियलचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. साडेसातची, आठची, साडेआठची, बस. सगळ्यांत एक सून रडते, एक सासू दारात उभी राहते आणि मागे ढोल वाजतात, तिथे नावं लक्षात ठेवून करायचं काय? मी साडेसातची बघते आणि रोज जेवताना जाहीर करते की उद्यापासून बंद. घरात आता यावर कुणी मानसुद्धा वर करत नाही.

साडेसातच्या नायिकेचं नाव शर्वरी. तिला सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की ती खांबाला टेकून रडते. एक वाक्य वेळेवर बोलली असती तर सीरियल पहिल्याच आठवड्यात संपली असती आणि आमच्या भाकरी करपल्या नसत्या.

*

मध्यंतरी ही शर्वरी खेडेगावात आली. आम्ही खूश झालो, म्हटलं आता आपल्यातलं काहीतरी दाखवतील. दाखवलं. गुंड मागे लागले आणि ही बाई रेशमी साडी, मोकळे केस, उघडे दंड अशी भर उसात शिरली. या टोकाने आत, त्या टोकाने बाहेर, आणि अंगावर एक ओरखडा नाही. उसाचं पान कसं कापतं ते कापून घेतलेल्याला विचारावं. मी बांधावर गवत आणायला गेले तरी नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवते.

बरं, ती आत शिरली तेव्हा ऊस पुरुषभर उंच. बाहेर येऊन मागे बघते तर गुडघ्याएवढा. शूटिंग दोन ठिकाणी केलेलं असणार, आणि बघणाऱ्याला काय कळतंय असं ते धरून चाललेले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हे सांगताना रागाने माझ्या हातून चांगलं फळ डागीत गेलं.

हौसाबाई आमच्यातली सगळ्यात थोरली. सांगवीची, घरचा ऊस. दर हंगामाला ती चिटबॉयच्या मागे फिरते. चिटबॉय म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा ते बघणारा कारखान्याचा माणूस. तिने फळ फिरवून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मधी तोड झाली आसंल."

"एका मिनिटात?" मी म्हटलं.

"तेच म्हनती मी. त्यांचा चिटबॉय कोन हाय, तेवढं इचारा की गं कुनीतरी."

*

वजनकाट्यावर तात्या असतात. तात्यांच्या मते सीरियल म्हणजे बायकांचं खूळ. "मी बघत न्हाय. मी फकस्त बातम्या बघतो," हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

शर्वरीचा नवरा गाडीसकट दरीत पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सुतक असल्यासारखं वातावरण होतं. कुणीतरी म्हणालं, मेला बिचारा. तेवढ्यात काट्यावरून आवाज आला, "मेला न्हाय. गाडी सापडली, बॉडी कुठं सापडली?"

सगळ्या वळल्या. तात्या काट्यावरची धूळ पुसायला लागले.

"तात्या, तुमी बघत न्हाय ना?"

"मी जेवत आसतो. समोर चालू आसतं."

हौसाबाई म्हणाली, "तुमच्या घरी साडेसातपासनं साडेनऊपर्यंत जेवान चालतं व्हय?"

"मला डॉक्टरनं सावकाश चावायला सांगितलंय," तात्या म्हणाले.

*

आता सुमनचं सांगायला हवं, कारण खरा घोळ तिथे आहे.

सुमन माझी शेजारीण. काटेवाडीत आमच्या भिंतीला तिची भिंत. आम्ही दोघी एकाच गाडीवर शेडला येतो. तिची सासू जिजाबाई. म्हातारीचे डोळे अजून सुईत दोरा ओवतील असे, पण कान पार गेलेले. टीव्ही बघते सगळा, ऐकू काही येत नाही. मग जाहिराती लागल्या की सुमन तिच्या कानाशी तोंड नेते आणि काय काय झालं ते ओरडून सांगते. आमच्या घरी टीव्हीतलं ऐकू येतं आणि भिंतीपलीकडून सुमनचं.

या सासू-सुनेचं पूर्वी अजिबात पटत नव्हतं. लग्नानंतर बरीच वर्षं सुमनला मूल नव्हतं, तेव्हा जिजाबाईने तिला काय काय ऐकवलंय ते मी याच भिंतीतून ऐकलंय. पुढे लेक झाली, ती मोठी झाली, पण दोघींत एक अबोला राहिला तो राहिलाच. म्हातारीचे कान गेल्यावर तर बोलायचं कारणच उरलं नाही. साडेसातची सुरू झाली आणि तेवढा अर्धा तास दोघी एका सतरंजीवर बसायला लागल्या.

एकदा सीरियलमधल्या सासूने शर्वरीला सगळ्यांदेखत वांझ म्हटलं. पुढे बराच वेळ तेच. जाहिरात लागली. भिंतीपलीकडून जिजाबाईचा आवाज आला, "काय म्हनती गं तिची सासू?"

मी इकडे लाटणं खाली ठेवलं. मग सुमन ओरडली, "ती म्हनती, रडू नगंस पोरी. तुला एक गाय घिऊन देती!"

झालं. त्या दिवसापासून सीरियलमध्ये गाय आली.

*

एकदा गाय आल्यावर तिला सांभाळणं आलं. शर्वरी रडली की सुमन सांगायची, गाय आजारी आहे. शर्वरी फोनवर बोलली की डेअरीत फॅट किती लागली ते विचारतेय. सासूचा चेहरा तीन-तीन वेळा वेगवेगळ्या बाजूने दाखवला की पेंड महाग झालीय.

म्हातारी काही कच्ची नव्हती. एक दिवस तिने विचारलंच, "मायला, गाय एकदा तरी का दावत न्हाईत?"

सुमन म्हणाली, "लायटीला बुजती ती!"

"जर्सी आसंल," जिजाबाई म्हणाली.

हे सगळं सकाळी शेडमध्ये यायचं. मूळ गोष्ट सगळ्यांनी पाहिलेलीच असायची आणि तिच्यावर चिडून झालं की कुणीतरी विचारायचं, "आन् गायीचं काय?" गायीला रात्री कॅल्शियम पाज असं सुमनला कुणी सुचवायचं, गोठ्यात पंखा लाव असं कुणी. खुद्द तात्यांनी एकदा काटा सोडून येऊन सांगितलं की गाय भरवून घ्यायला हरकत नाही. सुमनने त्या संध्याकाळी गाय गाभण केली.

*

इकडे खऱ्या सीरियलमध्ये नवरा दरीतून परत आला. पण नट बदललेला. अपघातात चेहरा बदलला म्हणे. चेहरा बदलला ते एक वेळ सोडून देऊ, पण उंची? आवाज? हा तर डावखुराही झाला होता. आणि शर्वरी त्याच्यासमोर बसून चहा पिते तरी तिला ओळख पटत नाही. मी टीव्हीला उशी फेकून मारली.

हौसाबाई दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या म्हशीला मी सोडून दुसरं कुनी धार काढाया बसलं तर लाथ मारती. आन् हिला नवरा बदललेला कळंना."

भिंतीपलीकडे वेगळीच अडचण. जिजाबाईने विचारलं, "ह्यो नवा कोन?"

"जनावरांचा डाक्टर!" सुमन ओरडली. गाय गाभण असल्यामुळे ते शोभलंही.

पण सीरियलवाल्यांनी महिनाभरात शर्वरीचं या माणसाशी लग्न ठरवलं. आता सांगायचं काय? सुमनने धीर करून सांगून टाकलं की नवरा गेला दरीत, आता ती डॉक्टरशी लग्न करतेय. सुनेचं दुसरं लग्न म्हटल्यावर म्हातारी भडकणार, या तयारीने मी भिंतीला कान लावला.

जिजाबाई म्हणाली, "बरं झालं. आडल्या येळंला डाक्टर हुडकाया नगं."

*

त्या लग्नाचा महाएपिसोड होता. मालकाच्या विनवण्या करून शेड लवकर सोडवलं होतं. मुंडावळ्या, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं झालं. शर्वरीने हार वर उचलला आणि तिथेच गाणं वाजून एपिसोड संपला. दुसऱ्या दिवशी हार वरच. तिसऱ्या दिवशी हार वरच. मग कोण कोण काय आठवतंय ते दाखवत राहिले. आमच्या घरात एवढा वेळ हात वर धरला तर सासऱ्यांनी डॉक्टरकडे नेलं असतं. शेवटी पोलीस आले आणि लग्न मोडलं. मला अक्षरशः रडू आलं, शर्वरीसाठी नव्हे, माझ्या वाया गेलेल्या संध्याकाळींसाठी.

सुमनने मात्र पहिल्याच दिवशी लग्न लावून दिलं होतं. पुढचे दिवस ती म्हातारीला "व्हिडिओ शूटिंग बघत्यात घरी बसून," असं सांगत राहिली.

फसली ती हौसाबाई. तिने टीव्हीसमोर मूठभर अक्षता घेतलेल्या. लग्नाला निघालेल्या अक्षता परत तांदळात मिसळायच्या नसतात, म्हणून त्या रुमालात बांधून रोज शेडला घेऊन यायची, न जाणो आज लागलं लग्न तर. लग्न मोडल्यावर त्या अक्षतांचं काय करावं हा प्रश्न पडला. पुढच्या आठवड्यात इंदापूरला तिच्या भाच्याचं लग्न होतं, तिथे तिने त्या टाकून टाकल्या.

मी कपाळावर हात मारला. "अहो हौसाबाई, त्या मोडलेल्या लग्नाच्या अक्षता!"

"आसू दे," ती म्हणाली. "तांदूळ इंद्रायणी हाय."

*

आणि मग परवा सुमन शेडला आली ती तोंड पाडूनच. तिच्या नवऱ्याने बारामतीहून आईसाठी कानाचं मशीन आणलं होतं. त्याचं कौतुकच करायला हवं, पण गोलात बसलेली एकही बाई कौतुकाचं बोलली नाही.

"आता समदं ऐकू येनार म्हातारीला," सुमन म्हणाली. "गाय न्हाय, डाक्टर न्हाय. मी एवढं दिस खोटं सांगितलं आसंच म्हननार."

"म्हनू दे. हितनं फुडं खरं सांगायचं," हौसाबाई म्हणाली.

"आता मी कशाला सांगायचं? मशीन सांगंल की." सुमन हातातलं डाळिंब उगाच पुसत राहिली. "ती शिव्या घालंल त्येचं काय न्हाय वो. शिव्या खाल्ल्यात मी. पन त्या सतरंजीवर माझं कामच राह्यलं न्हाय बघा."

तात्या काट्यावरून म्हणाले, "आन् गाय आता व्यायच्या टायमावर आली आसंल."

संध्याकाळी मला राहवलं नाही. विरजण मागायच्या निमित्ताने वाटी घेऊन मी साडेसातलाच सुमनच्या दारात. जिजाबाई सतरंजीवर ताठ बसलेली, कानात मशीन. सुमन तिच्या शेजारी नाही, लांब भिंतीला टेकून. मला बघून तिने नुसती मान हलवली.

आणि योग असा, की त्या दिवशी सीरियलमधली सासू पुन्हा त्याच विषयावर आली. वांझ काय, अवदसा काय, पांढऱ्या पायाची काय. शर्वरी खांबाला टेकून रडतेय. गायीचं नाव नाही. मला सुमनकडे बघवेना. जिजाबाई सगळं ऐकत होती. एकदा तिने मशीन नीट बसवून घेतलं आणि पुन्हा ऐकलं.

जाहिरात लागली.

"टीव्ही बंद कर," जिजाबाई म्हणाली.

सुमनने उठून बंद केला आणि तिथेच उभी राहिली.

म्हातारीने कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी फडताळात सरकवली. मग सतरंजीवर शेजारची जागा हाताने झाडली.

"त्यांचं ऐकून झालं," ती म्हणाली. "आपली गाय व्याली का न्हाय, ते सांग."