रिकामपण आणि आईचं तपेलं

आमच्या वर्गातला एक मुलगा मोठा कलावंत झाला. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून खोपोलीच्या कारखान्यात आले, आई कशेळ्याच्या बाजारात भाजी विकायची. हा जन्मला इथेच, शिकला मराठी शाळेत, आणि दहावीला मराठीत मार्क माझ्यापेक्षा जास्त. आता कशेळ्याबाहेर त्याचा स्टुडिओ आहे आणि आत शिरताच भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'मी कुठलाच नाही.'

मी गेले होते आईचं पितळी तपेलं परत आणायला. रविवारी भाचीची हळद, आणि जेवणाचं वरण त्याच तपेल्यात शिजणार म्हणून आई हटून बसलेली. कलावंताने घरोघरची भांडी मागून नेली होती. आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत, रिकामं परतही करत नाहीत, म्हणून सगळ्याजणींनी मूठ मूठ तांदूळ घालून दिली. याने तांदूळ काढून टाकले, भांडी छतापर्यंत रचली आणि नाव दिलं 'रिकामपण'.

मुंबईचे पाहुणे त्या ढिगाभोवती दबक्या पावलांनी फिरत होते, मयताला आल्यासारखे. मी तपेलं मागितलं तसे कलावंताने डोळे मिटले. मग समजावलं, की हे आता तपेलं राहिलेलं नाही, ही मुळं तुटलेल्या माणसाची किंकाळी आहे. एक भांडं काढलं तर अख्खं विस्थापन कोसळेल. माझं डोकंच फिरलं. किंकाळीत वरण शिजत नाही, असं मी सुनावणार होते, तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं, ट्रे खाली ठेवला आणि कडेचं तपेलं सरळ ओढून काढलं. काहीही कोसळलं नाही.

आत जाऊन ती तपेल्यात तांदूळ घालून आली. "कुणाचं भांडं रिकामं देतात का रं?" तिने मुलाला विचारलं.

एका पाहुण्या बाईंनी गहिवरून, खास तिच्यासाठी हिंदीत, गावाची आठवण येते का असं विचारलं.

"येते ना," ती मराठीतच म्हणाली, "नेरळला लेकीकडं राहिले की लय येते. कशेळ्याबिगर मला झोपच लागत नाय."

मग मला म्हणाली, की रविवारी ती सकाळीच येईल, तांदूळ निवडेल आणि वरणाला फोडणी नेहमीप्रमाणे तीच देईल. हे ऐकून कलावंत एकदम खुलला. तोही येणार होता, कॅमेरा घेऊन, हळदीचं चित्रीकरण करायला.

"तुला बोलावणं हाय का?" त्याच्या आईने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहुणेही पाहू लागले. भिंतीवरचं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं, आणि मला त्याची कीवही आली. बोलावणं मात्र मी केलं नाही. तपेलं कमरेवर घेतलं आणि निघाले.